घरी बांधलेलं विमान : सुरक्षितता आणि डिझायनरची जबाबदारी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुपवाडच्या एका टूलरूममध्ये माझी उमेदीची वर्षं गेली. आता हलक्या विमानांची ड्रॉइंग तपासून देतो. कराड, इस्लामपूर, फलटण, जत अशा ठिकाणांहून फोन येतात. विचारणारे कधी इंजिनिअरिंगची पोरं असतात, कधी फॅब्रिकेशनवाले, तर कधी द्राक्षबागायतदार. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. कायद्याचा भाग सांगलीतल्या एका वकील मित्राने तपासला आहे, पण तुमच्यावर प्रसंग आला तर तुमची कागदपत्रं घेऊन तुमच्या वकिलाकडेच जा.

१. होमबिल्ट विमान म्हणजे नेमकं काय? किट जोडलं तरी ते होमबिल्टच का?

कारखान्यात प्रमाणित होऊन बाहेर न पडता हौशी माणसाने स्वतःच्या हाताने बांधलेलं विमान म्हणजे होमबिल्ट. काही जण नुसती ड्रॉइंग विकत घेतात आणि पत्रा, लाकूड, नळ्या आणून शून्यातून सुरुवात करतात. काही जण किट आणतात. अमेरिकेत याला ‘५१ टक्क्यांचा नियम’ म्हणतात. बांधकामाचा मोठा हिस्सा हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी स्वतः केलेला असला पाहिजे. किटमध्ये काही भाग तयार आले तरी चालतात, पण पैसे देऊन दुसऱ्याकडून अख्खं विमान बांधून घेतलं तर ते या वर्गात बसत नाही.

हा फरक जबाबदारीच्या दृष्टीने फार मोठा आहे. कायद्याच्या नजरेत विमानाचा निर्माता तुम्ही ठरता. डिझायनर वेगळा, निर्माता वेगळा. पुढची निम्मी उत्तरं याच एका गोष्टीवर उभी आहेत.

२. भारतात असं विमान बांधणं कायदेशीर आहे का?

बांधण्यावर बंदी नाही. उडवण्यासाठी मात्र डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे नोंदणी, उड्डाणाची परवानगी आणि चालवणाऱ्याचा परवाना, हे सगळं लागतं. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या जुन्या विमान कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाला आहे.

वाट किती लांबची आहे हे आपल्याच माणसाने दाखवलं. कॅप्टन अमोल यादव मूळचे सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातले. मुंबईत कांदिवलीला घराच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिलं, नोव्हेंबर २०१७ मध्ये नोंदणी मिळाली आणि उड्डाणाची परवानगी ऑक्टोबर २०१९ मध्ये. ही वर्षं हिशेबात धरूनच कामाला हात घाला. आणि बांधायला सुरुवात करण्याआधी डीजीसीएशी पत्रव्यवहार सुरू करा. विमान तयार झाल्यावर कळवलं तर झाकलेल्या जोडाच्या आत काय आहे, हे कोणालाच तपासता येत नाही.

३. काका, शेतात फक्त फूटभर उचलून बघितलं तर काय होतंय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते.

ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीचा एक तरुण कारागीर स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची जमिनीवरच चाचणी घेत होता. पातं तुटलं, डोक्याला लागलं आणि तो गेला. हेलिकॉप्टर हवेत गेलंच नव्हतं. फिरणारं पातं फूटभर उंचीवर जितकं घातक, तितकंच जमिनीवर. पंख्याच्या फिरण्याच्या पातळीत, म्हणजे पातं तुटलं तर ज्या रेषेत उडेल त्या रेषेत, कोणीही उभं राहायचं नाही. मोबाइलवर शूटिंग करणाऱ्या भावाला तर तिथे मुळीच उभं करायचं नाही.

पंखवाल्या विमानाचं सांगायचं तर ‘फूटभर उचलणं’ हे पूर्ण उड्डाणाइतकंच, किंबहुना जास्त अवघड असतं. जमिनीलगत विमान पंखाखालच्या हवेवर तरंगतं. थोडं वर गेलं की तो आधार सुटतो, वेग कमी पडतो आणि समोर बांध येतो. कायद्याचंही ऐका. धोका होईल अशा रीतीने जाणूनबुजून विमान उडवलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. बघायला जमलेल्यांपैकी कोणी दगावलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ‘आमचंच रान होतं’ हा त्यावर बचाव नाही.

४. होमबिल्ट विमानं खरोखर जास्त पडतात का? की नुसती बदनामी आहे?

जास्त पडतात. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, २०१२ मध्ये याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. संख्येच्या मानाने अशा विमानांचे अपघात, आणि त्यातही जीवघेणे अपघात, जास्त निघाले. कारणांत वरचे क्रमांक दोन होते : इंजिन किंवा इंधनव्यवस्था बंद पडणं आणि उड्डाणात ताबा सुटणं. आणखी एक गोष्ट पुढे आली. अपघातातली निम्म्याहून जास्त विमानं चालवणाऱ्याने स्वतः बांधलेली नव्हती, जुनी विकत घेतलेली होती (प्रश्न १६ पाहा).

पंख तुटून पडणं त्या मानाने कमी आहे. तरी माझ्याकडे येणारे दहापैकी नऊ प्रश्न पंखाच्या ताकदीचे असतात. इंधनाची नळी कुठून न्यायची, टाकीला हवेचं भोक किती, गाळणी काढून साफ कशी करायची, हे कोणी विचारत नाही. विचारा.

५. अपघात झाला तर दोष कोणाचा : डिझायनर, किटवाला, बांधणारा की पायलट?

एका वाक्यात उत्तर नाही, पण एक प्रकरण नीट समजून घेतलं की बरंच उलगडतं.

१२ ऑक्टोबर १९९७ रोजी प्रसिद्ध अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ ‘लाँग-ईझेड’ विमान समुद्रात पडून गेले. विमानाचं डिझाइन बर्ट रुटान यांचं. त्यांच्या ड्रॉइंगमध्ये डावी-उजवी टाकी बदलायचा कॉक पायलटच्या पुढ्यात, सहज हात पोचेल असा होता. बांधणाऱ्याने तो पायलटच्या डाव्या खांद्यामागे बसवला. त्यावर खुणा नव्हत्या, इंधन दाखवणाऱ्या काचेवरही आकडे नव्हते. डेन्व्हर यांनी विमान जुनं विकत घेतलेलं आणि ताबा नुकताच मिळालेला. तपासाचा निष्कर्ष असा : टाकी बदलायला मागे वळताना लक्ष हटलं, पाय रडरच्या, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूच्या पेडलवर दाबला गेला आणि विमान हातातून गेलं.

इथे डिझायनर सुटतो, कारण त्याचं ड्रॉइंग बरोबर होतं आणि बदल दुसऱ्याने केला. बांधणाऱ्याने कॉकची जागा बदलली. पायलटने अपुऱ्या ओळखीवर उड्डाण केलं. एकाच मृत्यूत वाटे कसे पडतात ते बघा. माझ्या समजुतीप्रमाणे दर वेळी मुद्दा शेवटी इथेच येतो : कोणाला काय माहीत होतं आणि त्याने ते पुढच्याला सांगितलं का. ‘मी कॉकची जागा बदलली आहे’ एवढं वाक्य विमानात लिहून चिकटवलेलं असतं तर?

६. भारतातल्या कायद्यात डिझायनर कुठे सापडतो?

मुख्यतः ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये. तो २० जुलै २०२० पासून लागू आहे आणि त्यात उत्पादन-दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आहे. ‘उत्पादक’ या शब्दाची व्याख्या तिथे रुंद आहे. वस्तू विकण्याआधी तिचं डिझाइन करणारा, सुटे भाग करणारा, दुसऱ्याचे भाग जोडणारा, असे सगळे त्यात येतात. कलम ८४ प्रमाणे उत्पादक पाच कारणांनी अडकू शकतो : बनवण्यातला दोष, डिझाइनमधला दोष, ठरलेल्या मापांपासून ढळणं, दिलेल्या हमीप्रमाणे वस्तू नसणं आणि वापराच्या सूचना किंवा धोक्याचे इशारे अपुरे असणं.

शेवटचं कारण डिझायनरने दोनदा वाचावं. पंख पुरेसा मजबूत आहे, पण ‘शेपटीत पाच किलोपेक्षा जास्त काही ठेवू नका’ हे लिहायचं राहिलं, तर तेवढंही पुरे आहे. ड्रॉइंगच्या संचात वजन-तोलाचं पान नसेल तर तो संच माझ्या दृष्टीने अपुरा आहे, मग रेषा कितीही सुबक असोत.

तक्रार दोन वर्षांत करावी लागते आणि तक्रारदार जिथे राहतो तिथेही करता येते. म्हणजे डिझायनर पुण्याचा असला तरी सांगली किंवा साताऱ्याच्या आयोगात उभं राहावं लागू शकतं. याशिवाय मृताच्या जवळच्या नातलगांना १८५५ च्या जीवघेण्या अपघातांच्या कायद्याखाली दिवाणी दावा लावता येतो, आणि फौजदारी बाजू आहेच (प्रश्न ३).

७. मी ड्रॉइंग फुकट दिली. मग तर मी मोकळा ना?

पूर्ण नाही. धंदा म्हणून विकलेलं नसलं आणि मोबदला घेतलेला नसला तर ग्राहक कायद्याचा फास बराच सैल होतो. हलगर्जीपणाचा साधा दिवाणी दावा मात्र पैशावर अवलंबून नसतो. तुमचं ड्रॉइंग बघून कोणीतरी विमान बांधेल आणि त्यात बसेल हे तुम्हाला दिसत होतं. तेवढ्यावर काळजी घेण्याचं कर्तव्य उभं राहू शकतं.

फुकट देणाऱ्यांना माझं एकच मागणं आहे. अर्धवट, न तपासलेलं ड्रॉइंग व्हॉट्सअॅपवर फिरवू नका. एकदा सुटलं की कोणाकडे गेलं ते कळत नाही, आणि पुढे चूक सापडली तर कळवायचं कोणाला? प्रत्येक पानावर आवृत्ती, तारीख आणि ‘बांधकामासाठी नाही’ किंवा ‘बांधकामासाठी’ हे लिहा.

८. स्टॅम्प पेपरवर ‘स्वतःच्या जोखमीवर’ असं लिहून घेतलं, नोटरीही केली. चालेल का?

काही प्रमाणात. ज्याने सही केली त्याने धोका ओळखून पत्करला, हे दाखवायला तो कागद उपयोगी पडतो. पण तीन ठिकाणी तो लंगडा पडतो. सही न केलेल्यांना तो बांधत नाही : मागच्या सीटवरचा मित्र, ज्याच्या गोठ्यावर विमान पडलं तो शेतकरी. फौजदारी गुन्हा खासगी करारातून मिटत नाही. आणि जो धोका तुम्हाला माहीत होता पण तुम्ही सांगितलाच नाही, तो समोरच्याने ‘पत्करला’ असं म्हणता येत नाही.

अमेरिकेत हौशी विमानात प्रवाशाला दिसेल अशी पाटी लावावी लागते. विमान हौशी माणसाने बांधलेलं आहे आणि प्रमाणित विमानांच्या सुरक्षा नियमांत बसत नाही, असं तिच्यावर लिहिलेलं असतं. आपल्याकडे तीच पाटी मराठीत लावा. ती बघून एखादा पाहुणा मागे फिरला तर वाईट वाटून घेऊ नका.

९. ड्रॉइंगमधला माल इथे मिळत नाही. इकडचा वापरला आणि काही झालं तर डिझायनर सुटतो का?

बहुतेक वेळा तो भार तुमच्यावर येतो. त्यामुळे आधी मालाचं समजून घ्या.

ड्रॉइंगवर ६०६१-टी६ लिहिलेलं असतं. बाजारात खिडक्यांच्या सेक्शनला येतं ते ६०६३, बऱ्याचदा टी५. दोन्ही ‘अॅल्युमिनियम’च, हातात सारखीच लागतात. पण पहिलं कायमचं वाकायला साधारण २७५ मेगापास्कलचा ताण लागतो, दुसरं १४५ च्या आसपास वाकतं. म्हणजे जवळजवळ निम्म्यावर. दुसरी गोष्ट आर्गन वेल्डिंगची. टी६ हा कडकपणा उष्णतेने दिलेला असतो, आणि वेल्डिंगची उष्णता जोडाशेजारी तो काढून घेते. टाका कितीही देखणा आला तरी त्याच्या कडेचा पत्रा निम्म्या ताकदीचा झालेला असतो. म्हणूनच ड्रॉइंगवर तिथे रिव्हेट असतात.

बोल्टचं उलटं आहे. ‘८.८’ छाप असलेला चांगल्या कंपनीचा बोल्ट ताकदीला विमानाच्या बोल्टच्या जवळ जातो. घोटाळा आट्यांचा होतो. दुकानातला बोल्ट बऱ्याचदा डोक्यापर्यंत आटे पाडलेला असतो. ते आटे भोकाच्या आत बसले की भोक खातात, जोड ढिला होतो आणि भेग तिथूनच सुरू होते.

कायद्यात वस्तू बदललेली असेल तर विक्रेत्याला स्पष्ट संरक्षण आहे. डिझायनरच्या बाबतीत मात्र प्रश्न असा येतो : अपघात तुमच्या बदलामुळे झाला की मूळ दोषामुळे? बदल पंखात आणि अपघात इंधनामुळे, असं असेल तर बदल दाखवून डिझायनर सुटत नाही. म्हणून प्रत्येक बदल डिझायनरला लिहून विचारा आणि उत्तर वहीत, म्हणजे बांधकामाच्या नोंदी ठेवता त्या वहीत, चिकटवा. उत्तर आलं नाही तर तेही तारखेसह लिहा, आणि तो बदल करू नका.

१०. माझ्या ड्रॉइंगमध्ये चूक सापडली आहे आणि त्यावरून कोणीतरी बांधत आहे. सांगितलं तर मीच कबुली दिल्यासारखं होईल का?

आज सांगा. हे वाचून संपायच्या आधी फोन करा.

माझ्यावर ही वेळ आली आहे. एका ब्रॅकेटच्या पानावर मी रिव्हेटचं भोक कडेपासून ४ मिलिमीटरवर दाखवलं होतं. ३.२ मिलिमीटरच्या रिव्हेटला कडेपासून निदान दुप्पट, म्हणजे ६.४ मिलिमीटर अंतर लागतं. नाहीतर भोक कडेकडे फाटत जातं. चूक पकडली ती भोक पाडणाऱ्या टर्नरने. ‘साहेब, हे फाटंल’ एवढंच म्हणाला. तोवर ते पान तिघांकडे गेलं होतं. तिघांनाही त्याच संध्याकाळी फोन केला, दुसऱ्या दिवशी पत्र पाठवलं. एकाने दोन ब्रॅकेट बसवूनही टाकले होते. तो रागावला. त्याचा राग रास्त होता आणि नवीन ब्रॅकेटचा खर्च मी दिला. त्या रात्री झोप लागली नाही, पण पत्र न पाठवता झोप कशी लागली असती ते मला कळत नाही.

मोठ्यांच्या बाबतीत हेच मोठ्या प्रमाणावर घडलं आहे. फ्रान्सच्या आन्री मिन्ये यांचं छोटं ‘पू दु सिएल’ विमान १९३० च्या दशकात युरोपभर लोकांनी घरी बांधलं. माणसं मरू लागली. शेवटी फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये ते वातबोगद्यात तपासलं, तेव्हा कळलं की एका ठरावीक कोनाच्या खाली नाक गेलं की दोन पंखांमधल्या हवेच्या परिणामामुळे ते वर काढताच येत नाही. १९३६ मध्ये इंग्लंडमध्ये त्याच्या उड्डाणावर बंदी आली. मिन्ये यांनी पुढच्या विमानांत तो दोष काढला.

अलीकडचं उदाहरण झेनिथ सीएच ६०१ एक्सएल. पंख हवेतच तुटण्याचे सहा अपघात आणि दहा मृत्यू झाल्यावर एप्रिल २००९ मध्ये एनटीएसबीने ही विमानं जमिनीवरच ठेवावीत अशी शिफारस केली. संशय फ्लटरवर होता, म्हणजे ठरावीक वेगाला पंख आणि त्यावरची झडप एकमेकांना झोके देत इतकी थरथरतात की सांगाडा तुटतो. नंतर पंख मजबूत करायचे आणि झडपेला प्रतिवजन लावायचे बदल आले. पहिल्या अपघातानंतर डिझायनर ‘बांधणाऱ्याची चूक’ म्हणू शकतो. दुसऱ्यानंतर त्याने सगळ्यांना लिहायलाच हवं. कारण सापडलं नसलं तरी ‘कारण अजून सापडलेलं नाही, तोवर एवढ्या वेगाच्या वर जाऊ नका’ असं लिहायला हवं.

कबुलीचं म्हणाल, तर चूक कळूनही गप्प बसलेला माणूस न्यायालयात कसा दिसतो याचा विचार करा.

११. अमेरिकेत १८ वर्षांनंतर कंपनीवर दावा करता येत नाही म्हणे. आपल्याकडे?

तो १९९४ चा कायदा आहे, ‘गारा’ म्हणतात त्याला. वीसपेक्षा कमी आसनांच्या, ठरावीक वेळापत्रकाने प्रवासी न नेणाऱ्या विमानांच्या निर्मात्यांना १८ वर्षांनंतर, काही अपवाद सोडून, दाव्यांपासून संरक्षण मिळतं. त्याआधी दाव्यांच्या ओझ्याने सेस्ना या विमान कंपनीने १९८६ मध्ये छोटी पिस्टन इंजिनची विमानं बनवणं थांबवलं होतं. कायदा झाल्यावर ती पुन्हा सुरू केली. बर्ट रुटान यांनीही १९८५ मध्ये हौशी लोकांना ड्रॉइंग विकणं बंद केलं, त्यात दाव्यांची भीती हे एक कारण होतं. आधीच घेतलेल्यांना मदत मात्र चालू ठेवली, आणि मला त्यांचा तो भाग मोठा वाटतो.

भारतात विमानांसाठी अशी १८ वर्षांची रेषा नाही. नेहमीच्या मुदती लागतात.

१२. भाग टर्नरकडून करून घेतले. त्याच्यावर येतं का?

ड्रॉइंगप्रमाणे केलं असेल तर डिझाइनचा दोष त्याच्याकडे जात नाही. माप चुकवलं, सांगितलेला माल बदलला तर जातो. खरी अडचण वेगळी असते. आपण त्याला सांगतच नाही की हा भाग विमानाचा आहे. पंपाचा किंवा उसाच्या ट्रॉलीचा समजून तो करतो. ड्रॉइंगवर ठळक लिहा : ‘विमानाचा भाग, बदल करायचा असल्यास आधी विचारा’. मालाची पावती आणि तपासणी दाखला दोघांनीही ठेवा.

१३. कॉलेजचा प्रोजेक्ट म्हणून बांधतोय. गाइड सरांची सही आहे. जबाबदारी कॉलेजची ना?

सहीने जबाबदारी वाटली जाते, सरकत नाही. देखरेख करणाऱ्याकडून जी काळजी अपेक्षित आहे ती संस्थेने आणि सरांनी घ्यायलाच हवी. पण संगणकावरचं ताणाचं विश्लेषण तुम्ही केलंत तर ते तुमचं. माझा आग्रह असा : जमिनीवर इंजिन सुरू करण्यापलीकडे प्रोजेक्ट नेऊ नका, आणि तिथेही प्रश्न ३ मधली पात्याची रेषा पाळा. स्पर्धेची तारीख जवळ आली म्हणून केलेली चाचणी मी कधीच मान्य करत नाही.

१४. पंखावर वाळूची पोती ठेवून चाचणी केली, तुटला नाही. पुरे ना?

चांगली सुरुवात आहे. किती पोती ठेवली?

४५० किलोचं विमान ३.८ जी, म्हणजे वजनाच्या ३.८ पट भार, सोसणारं असं सांगितलं असेल तर पंखांवर एकूण १७१० किलो भार. त्यावर दीडपट सुरक्षा धरली की २५६५ किलो. यातून पंखांचं स्वतःचं वजन, त्याच पटीत, वजा होतं. १७१० पर्यंत कायमचं वाकता कामा नये, २५६५ ला निदान तीन सेकंद तुटता कामा नये. भार टोकाकडे कमी आणि मुळाशी जास्त असा, हवेच्या दाबाप्रमाणे पसरायचा. सगळी पोती मध्ये ठेवून काही कळत नाही. पंख उलटा करून ठेवावा लागतो, हेही पुष्कळ जण विसरतात. आणि २५६५ पर्यंत नेलेला पंख उडवायचा नाही. तो फक्त चाचणीचा.

पोती फ्लटर दाखवत नाहीत (प्रश्न १०), थकव्याच्या भेगा दाखवत नाहीत, गुरुत्वमध्य मागे गेला तर विमान कसं वागेल हेही दाखवत नाहीत. म्हणून ‘पंख तपासला’ असं लिहा, ‘विमान तपासलं’ असं लिहू नका. खरेदीदाराला तो एक शब्द फसवतो.

१५. परदेशी ड्रॉइंगमध्ये लिहिलंय १५० मीटरमध्ये उडतं. आमच्याकडे का नाही उडत?

तो आकडा समुद्रसपाटीवरचा आणि १५ अंशांचा असतो. सांगली साधारण ५५० मीटर उंचीवर आहे. एप्रिलच्या दुपारी ४० अंश झाले की हवा इतकी विरळ होते, की विमानाला आपण ५२०० फुटांवर, म्हणजे जवळजवळ १६०० मीटरवर असल्यासारखं वाटतं. महाबळेश्वरही त्याहून खाली आहे. हजार फुटांमागे दहा टक्के असा जुना ठोकताळा लावला तरी १५० चे २२५ मीटर होतात. गवत, चढ आणि दोन माणसं धरली तर आणखी.

इथे उतरायच्या जागेचाही विचार वेगळा करावा लागतो. तासगाव-पलूसकडे वरून हिरवीगार सपाट दिसणारी जमीन द्राक्षबाग असते, आणि तिच्या आत लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारा. इंजिन बंद पडलं तर तिथे उतरू नका. वाढलेला ऊस मऊ वाटतो, पण त्याचा शेंडा म्हणजे जमीन नव्हे. शेंड्यावर वेग संपला तर विमान दोन-अडीच मीटर खाली आदळतं. नुकताच तोडलेला फड त्यापेक्षा बरा, सरीच्या दिशेने. साताऱ्याच्या बाजूला चाळकेवाडीच्या पवनचक्क्या वेगाने फिरत असतील त्या दिवशी डोंगराच्या पूर्वेच्या पायथ्याजवळ जाऊ नका. कड्यावरून ओतणारा वारा हलक्या विमानाला खाली दाबतो.

डिझायनर इथला असेल तर हे आकडे त्याने स्वतःच द्यायला हवेत. कुठे वापरणार हे माहीत असूनही फक्त समुद्रसपाटीचा आकडा देणं म्हणजे प्रश्न ६ मधल्या अपुऱ्या सूचनेच्या जवळ जाणं आहे.

१६. जुनं होमबिल्ट विकत घेतोय किंवा माझं विकतोय. काय बघायचं?

घेणाऱ्याने बांधणाऱ्याची वही मागावी. वही नसेल तर सौदा करू नये. ड्रॉइंग शेजारी ठेवून विमान फिरून बघावं आणि जे जुळत नाही त्याची यादी करावी. सीटवर बसून, पट्टे बांधून, डोळे मिटून प्रत्येक कॉक आणि मूठ हाताला लागते का ते बघावं. आणि त्याच प्रकारचं विमान चालवणाऱ्याबरोबर सराव केल्याशिवाय एकट्याने उडवू नये.

विकणाऱ्याने बदलांची यादी सहीनिशी द्यावी. ‘निर्माता’ म्हणून तुमचं नाव विमानाबरोबर पुढच्या मालकाकडे जातं. काही जण या भीतीने विमान तोडून भंगारात घालतात. बदल लपवून विकण्यापेक्षा ते बरं.

१७. विमा मिळतो का?

विमा कंपनीशी आधी बोला आणि ‘हौशी बांधणीचं विमान’ हे शब्द अर्जात स्वतः लिहा. तुमच्याकडे असलेली वैयक्तिक अपघात पॉलिसी काढून वाचा. पुष्कळ पॉलिसींत तिकीट काढून प्रवास करणारा प्रवासी सोडून इतर विमान-अपघात वगळलेले असतात. घरच्यांना वाटत असतं की विमा आहे.

१८. अपघात झालाच तर पहिल्यांदा काय करायचं?

माणसं बाहेर काढा, आग विझवा, ११२ ला फोन करा. त्यानंतर अवशेषांना हात लावू नका. परवानगीशिवाय ते हलवता येत नाहीत. डीजीसीए किंवा अपघात तपास कार्यालयाला कळवा. त्यांचा तपास पुढचा अपघात टाळण्यासाठी असतो, दोष ठरवण्यासाठी नसतो. पोलिसांचा तपास वेगळा. दोन्हीकडे खरं तेच सांगा. आपल्या वहीत मागाहून एक ओळही भरू नका, शाई आणि क्रम दोन्ही बोलतात. आणि डिझायनरला कळवा, कारण तेच विमान आणखी कोणी उद्या सकाळी उडवणार असेल.

१९. डिझायनर वारला. आता प्रश्न कोणाला विचारायचे, आणि दावा कोणावर?

दाव्याचं सांगायचं तर वारसांवर येणारा भार त्यांना मिळालेल्या मालमत्तेपुरताच असतो. मुलाने ड्रॉइंग विकणं चालू ठेवलं तर मात्र तो स्वतःच विक्रेता होतो.

खरी पोकळी दुसरी असते. चूक सापडली तर सगळ्यांना कळवणारं कोणी उरत नाही. असं विमान बांधत असाल तर तेच डिझाइन बांधणारे इतर कुठे आहेत ते आधी शोधा आणि एकमेकांना सापडलेल्या चुका कळवत राहा. एकटेच असाल तर दुसरं डिझाइन निवडा, असं मी सांगतो, आणि लोकांना ते आवडत नाही.

डिझायनरने हयातीतच सोय करावी. माझ्याकडची चार ड्रॉइंग, प्रत्येक संच कोणाकडे गेला त्याची नावं-पत्ते आणि आजवर पाठवलेली दुरुस्तीपत्रं मी एका लोखंडी पेटीत ठेवली आहेत. २०१९ च्या पुरानंतर ती पेटी वरच्या मजल्यावर नेली. किल्ली पुतण्याकडे आहे, आणि पत्रं कोणत्या क्रमाने पाठवायची ते झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलं आहे.